"फरक आहे का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे?

दवाखान्यात दुसऱ्यांदा गेलो की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय, फरक आहे का?" आपले उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलेच. "हो, थोडा फरक आहे." बाहेर बाकावर दहा पेशंट बसलेले असतात, आत दोन-तीन मिनिटे मिळतात, आणि या चार शब्दांवर डॉक्टर पुढचे ठरवतात. तीच गोळी चालू ठेवायची, डोस वाढवायचा, औषध बदलायचे, की आणखी तपासण्या करून बघायच्या. रक्तदाब यंत्रावर दिसतो, साखर रिपोर्टमध्ये येते, ताप थर्मामीटर सांगतो. पण गुडघ्याचे दुखणे, धाप, थकवा, मळमळ, न लागणारी झोप, मनाची उदासी यांचे यंत्र एकच आहे आणि ते म्हणजे स्वतः पेशंट. त्या यंत्राने आकडा चुकीचा दाखवला तर औषधही चुकीच्या मापाचे मिळते.

आपल्या घरांतून या प्रश्नाला आणखी एक उत्तर दिले जाते. "अल्हम्दुलिल्लाह, बरं आहे." दादी-नानीच्या तोंडून ते इतक्या सहज येते की आपण डॉक्टरांना अजून काहीच सांगितलेले नाही, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. शुक्र अदा करणे ही एक गोष्ट आणि खोकल्यामुळे रात्री किती वेळा उठून बसावे लागले हे सांगणे ही दुसरी. दुखणे सांगितले म्हणजे नाशुक्री झाली असे पुष्कळ बायकांना मनातून वाटते. सब्रचा दाखला म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या हजरत अय्यूब (अलैहिस्सलाम) यांनीही आपली तकलीफ रब्बासमोर शब्दांत मांडली होती. मग डॉक्टरांसमोर मांडायला काय हरकत आहे?

दुसरी अडचण सोबत आलेल्या माणसाची. खुर्चीवर बीवी बसलेली असते आणि उत्तर मियाँ देतात. "आता बरी आहे, जेवते-खाते, कामही करते." काम करते हे खरे, पण भाकऱ्या थापताना मध्येच दोनदा खाली बसावे लागते हे त्यांना कुठून दिसणार? ते तर दुकानावर असतात. उलटही घडते. अब्बा म्हणतात, "मला काही होत नाही," आणि सूनबाईंना माहीत असते की पूर्वी एका उशीवर झोपणारे अब्बा आता तीन उशा लावतात. आडवे झाल्यावर धाप लागणे ही हृदयाच्या दुखण्याची महत्त्वाची खूण आहे. म्हणून सोबतच्या माणसाने गप्पच बसावे असे नाही. आधी पेशंटला बोलू द्यावे, मग आपण पाहिलेले सांगावे, एवढेच.

किती फरकाला फरक म्हणायचे?

वैद्यकशास्त्रालाही हा प्रश्न बराच काळ छळत होता. कॅनडात हॅमिल्टन नावाचे शहर आहे. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठात डॉ. गॉर्डन गायट आणि त्यांचे सहकारी फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या जुनाट आजारांच्या पेशंटवर काम करत होते. पेशंटला दम लागणे, थकवा, मनःस्थिती याविषयी प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला १ ते ७ असे गुण द्यायचे, अशी त्यांची पद्धत. औषधानंतर गुण वाढले, की कागदावर सुधारणा दिसायची. पण कागदावरची सुधारणा पेशंटला जाणवते का? शेकडो माणसांची सरासरी काढली तर अगदी किरकोळ वाढही हिशेबात 'सिद्ध' होते. ज्याला जिना चढताना धाप लागते त्याला त्या सिद्धतेचा काय उपयोग?

१९८९ मध्ये रोमन येश्के, जोएल सिंगर आणि गायट या तिघांनी एक साधा मार्ग मांडला. पेशंटलाच विचारायचे, मागच्या वेळेपेक्षा तुम्ही बरे आहात, तसेच आहात की बिघडला आहात? बरे असाल तर किती? अगदी जरासे, थोडे, बरेच, खूप? या उत्तरांना उणे ७ पासून अधिक ७ पर्यंत आकडे दिले. मग "थोडे बरे" म्हणणाऱ्यांच्या प्रश्नावलीतले गुण किती बदलले ते पाहिले. उत्तर निघाले, दर प्रश्नामागे साधारण अर्धा गुण. त्याहून कमी बदल पेशंटच्या खिजगणतीत नसतो.

त्यांनी या 'कमीत कमी महत्त्वाच्या फरका'ची जी व्याख्या केली तिच्यात एक गोष्ट मला फार आवडते. फरक पेशंटला चांगला वाटला पाहिजे हे तर आहेच. पण त्रासदायक दुष्परिणाम नसतील आणि खर्च अवाच्या सवा नसेल, तर ज्या फरकामुळे उपचार बदलावासा वाटेल तोच खरा फरक, असे त्यांनी लिहिले. म्हणजे खिशाचा आणि पोटाचा विचार पहिल्या दिवसापासून व्याख्येतच आहे. दुखणे थोडे कमी झाले पण गोळीने दिवसभर ऍसिडिटी होते, किंवा औषधाची पट्टी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेतो, हे डॉक्टरांना सांगणे म्हणजे तक्रार नव्हे. फरकाच्या हिशेबातलाच तो भाग आहे.

सहा मिनिटांची चाल

फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या पेशंटची एक तपासणी असते. लांब व्हरांड्यात सहा मिनिटे चालायला सांगतात आणि किती मीटर अंतर कापले ते मोजतात. यंत्र नाही, सुई नाही. धाप लागली तर थांबायचे, बरे वाटले की पुन्हा चालायचे. १९९७ मध्ये टोरांटोचे डॉ. डोनाल्ड रेडेलमायर यांनी फुप्फुसाच्या पेशंटना एकमेकांशी गप्पा मारायला बसवले. प्रत्येकाने समोरच्याशी बोलून ठरवायचे, हा माझ्यापेक्षा चांगला चालत असेल, तेवढाच की कमी? नंतर त्यांची मोजलेली अंतरे शेजारी शेजारी ठेवली. दोघांत सरासरी ५४ मीटरचा फरक असला तेव्हा कुठे "थोडा चांगला" असे उत्तर येऊ लागले. पुढे इतर अभ्यासांची भर पडली आणि २०१४ मध्ये युरोप-अमेरिकेच्या श्वसनविकार संघटनांनी जुनाट फुप्फुसविकारांसाठी साधारण ३० मीटर हा आकडा धरला.

आता याच तपासणीतली एक गंमत. १९८४ मध्ये गायट यांच्या गटाने पाहिले की चालणाऱ्या पेशंटला बाजूने नुसते "छान चाललात, असेच चालत राहा" असे म्हटले तर अंतर सुमारे ३० मीटरने वाढते! म्हणजे औषधाने जेवढा फरक पडावा अशी अपेक्षा, तेवढा दोन गोड शब्दांनी पडला. म्हणूनच या तपासणीत कोणते शब्द, किती वेळाने बोलायचे हेही आता ठरवून दिलेले असते. घरातल्या आजारी माणसाशी आपण कसे बोलतो याचाही परिणाम त्याच्या पायांवर होत असणार, असे मला हे वाचल्यापासून वाटते.

आठवणीवर किती भरवसा?

"गेल्या महिन्यापेक्षा कसे आहे?" असे विचारले की आपण गेला महिना आठवतो असे आपल्याला वाटते. खरे तर आपण आजचा दिवस बघतो. आज बरे वाटत असेल तर गेला महिना वाईट होता असे ठरवतो, कारण औषध घेतले आहे म्हणजे सुधारणा झालीच असणार. आज सकाळी कळ आली असेल तर महिनाभराची सुधारणा पुसली जाते.

रेडेलमायर यांनीच मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांच्यासोबत १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी चालू असताना पेशंटना दर मिनिटाला विचारले, आत्ता किती दुखतेय? नंतर विचारले, एकूण किती दुखले? नंतरचे उत्तर दोन गोष्टींवर बेतलेले निघाले. सर्वांत जास्त दुखले तो क्षण आणि शेवटची काही मिनिटे. तपासणी किती वेळ चालली याचा आठवणीवर जवळजवळ परिणामच नव्हता. बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

यावर उपाय काय? गायट यांच्या गटाने पेशंटना नवी उत्तरे देताना त्यांची जुनी उत्तरे दाखवून पाहिली. लोक जुन्या उत्तराची नक्कल करतील अशी भीती होती. झाले उलटेच, उत्तरे अधिक नेमकी आली. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. मुलाच्या जुन्या वहीची कोरी पाने घ्या आणि त्यांवर दोन-तीन दिवसांनी एकदा एक ओळ लिहा. दादीला लिहिता येत नसेल तर नातीने लिहावे. डॉक्टरांकडे जाताना वही पिशवीत टाकावी.

आठवणीखेरीज आणखी एक अडचण आहे आणि ती वहीनेही पूर्ण सुटत नाही. मोजपट्टीच सरकते. लंबा आजार झालेला माणूस हळूहळू आपल्या अपेक्षा कमी करतो. पूर्वी बाजारातून दोन पिशव्या घेऊन येणारी बाई म्हणू लागते, "घरातल्या घरात फिरते, चांगली आहे की." ती खोटे बोलत नाही. तिच्या लेखी 'चांगले'चा अर्थच बदलला आहे. ही तडजोड माणसाला जगवते, हे खरे. पण डॉक्टरांना ती फसवते, कारण ज्या गुडघ्यावर किंवा हृदयावर आज इलाज होऊ शकतो त्याच्याविषयी पेशंट समाधान दाखवतो.

दहापैकी किती, आणि कसे?

दुखण्यासाठी डॉक्टर विचारतात, ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे सहन न होणारे, तर किती? पुष्कळांना हा प्रश्न पोरकट वाटतो. पण या आकड्यांवर मोठे काम झाले आहे. जुनाट दुखण्याच्या दहा औषध-चाचण्यांतल्या २,७०० हून अधिक पेशंटची उत्तरे २००१ मध्ये एकत्र तपासली गेली. साधारण दोन आकड्यांनी किंवा ३० टक्क्यांनी दुखणे उतरले की लोक "बराच फरक आहे" म्हणतात, असे दिसले. यात टक्क्यांचे महत्त्व जास्त. ९ वरून ७ वर येणे आणि ४ वरून २ वर येणे कागदावर सारखेच उतरले तरी अंगाला सारखे नसते.

आकड्यापेक्षा शब्द कधी कधी जास्त सांगून जातात. मॉन्ट्रिअलच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये दुखण्याच्या ७८ शब्दांची, २० गटांत विभागलेली यादीच केली होती. आपल्या मराठीत कमी शब्द आहेत का? ठणका, सणक, कळ, चमक, ठसठस, आग, टोचणी, मुंग्या, ओढ, जडपणा. "पायाची आग होते, मुंग्या येतात" असे मधुमेहाच्या पेशंटने म्हटले तर डॉक्टर नसांचा विचार करतात. "चालले की पोटऱ्यांत गोळे येतात, थांबले की जातात" म्हटले तर पायाचा रक्तपुरवठा तपासतात. दोघांनीही नुसते "पाय दुखतात" म्हटले तर दोघांना एकच गोळी मिळण्याची शक्यता आहे. घरात जी बोली बोलता, कोकणी असो की दखनी, त्या बोलीतला शब्दच सांगावा. डॉक्टर विचारून घेतील. इंग्रजी शब्द शोधण्याच्या नादात दुखण्याचा सूरच हरवतो.

घरातल्या मोजपट्ट्या

गुडघ्यासाठी इंग्लंडमध्ये १९९८ साली 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' नावाची बारा प्रश्नांची यादी तयार झाली. जगभर ती वापरतात. जिना उतरता येतो का, रात्री दुखण्याने झोपमोड होते का, स्वतः खरेदीला जाता येते का, अशा रोजच्या गोष्टी तिच्यात आहेत. एक प्रश्न असा की गुडघे टेकून पुन्हा उठता येते का? तिकडच्या म्हाताऱ्या माणसाला गुडघे टेकण्याचा प्रसंग बागकाम करताना किंवा पलंगाखालची वस्तू काढताना येत असेल. आपल्याकडे तो दिवसातून पाच वेळा येतो.

खरे पाहता, नमाज पढणाऱ्या माणसाच्या घरात गुडघ्याची, कमरेची आणि श्वासाची मोजपट्टी आधीपासूनच आहे. तीच हालचाल, तितक्याच वेळा, ठरलेल्या वेळी. सजद्यातून उठताना हात टेकावा लागतो का? कायद्यात किती वेळ बसता येते? फजरला जास्त त्रास होतो की इशाला? सांध्यांच्या सुजेच्या आजारात सकाळचा आखडलेपणा जास्त वेळ टिकतो, झिजेत बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, त्यामुळे फजरचे उत्तर डॉक्टरांच्या फार कामाचे असते. "तीन महिन्यांपूर्वी खुर्चीवर नमाज सुरू केली" किंवा "औषधानंतर पुन्हा जमिनीवर सजदा करू लागले" हे एक वाक्य "थोडा फरक आहे" या उत्तरापेक्षा कितीतरी पटींनी जास्त सांगते. डॉक्टर मुस्लिम नसतील तर त्यांना काय कळणार, असे समजू नये. एकदा हालचाल करून दाखवली की कोणत्याही डॉक्टरांना कळते.

अशा मोजपट्ट्या प्रत्येक घरात आहेत. दस्तरखानाशी खाली बसता येते की ताट पलंगावर द्यावे लागते. मशिदीपर्यंत जाताना पूर्वी न थांबता जात होते, आता वाटेत कुणाच्या ओट्यावर टेकावे लागते का. पाण्याची कळशी, तान्ह्या नातवाला उचलणे, शिवणयंत्राचा पाय. हृदयाच्या पेशंटसाठी वजनकाटा ही तर अगदी स्वस्त आणि चोख मोजपट्टी आहे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले तर ते अंगात साठलेले पाणी असू शकते आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे लागते.

सांगितल्याने काय होते याचा ठळक पुरावा न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधून आला. पसरलेल्या कॅन्सरसाठी केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ पेशंटचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला तेच उपचार, पण भूक, मळमळ, दुखणे, धाप, थकवा अशा बारा लक्षणांची स्थिती ते स्वतः संगणकावर नोंदवत. लक्षण बिघडले की नर्सला लगेच संदेश जाई. २०१७ मध्ये डॉ. ईथन बाश यांनी निकाल सांगितला. नेहमीच्या गटात आयुर्मानाचा मध्य २६ महिने, नोंदवणाऱ्या गटात ३१.२ महिने. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. त्रास वेळेवर सांगितला गेला आणि कुणीतरी वेळेवर ऐकला. संगणकाची सवय नसलेले लोकही त्यात होते आणि त्यांना झालेला फायदा कमी नव्हता, काही बाबतींत जास्तच होता.

'कुणीतरी ऐकला' हे शब्द मी मुद्दाम वापरले. पेशंटने वही भरली आणि डॉक्टरांनी ती उघडूनही पाहिली नाही, तर सगळी मेहनत वाया. सरकारी दवाखान्यातली गर्दी मी जाणते, तिथे पाच पाने वाचायची अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून वहीतले सर्वांत महत्त्वाचे एकच वाक्य वर लिहून न्यावे आणि खुर्चीवर बसता बसता तेच आधी बोलावे.

रमजानच्या दिवसांविषयी थोडे वेगळे बोलायला हवे. या महिन्यात मधुमेहाचे पुष्कळ पेशंट डॉक्टरांपासून त्रास लपवतात. कारण एकच, डॉक्टर रोजा सोडायला सांगतील. असरनंतर हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचे म्हणतात, रोजा लागलाय. २००१ मध्ये १३ देशांत झालेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले होते की गोळ्यांवर भागणाऱ्या प्रकारच्या, म्हणजे टाइप-२ मधुमेहात, साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये साडेसात पटींनी वाढते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा. बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलमा सांगतात, तरीही शंका असेल तर आपल्या आलिमांना आधीच विचारून ठेवावे. रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडे जाऊन गेल्या वर्षीच्या रोज्यांत काय काय झाले ते सांगितले, तर गोळीची वेळ आणि मात्रा सहरी-इफ्तारप्रमाणे बदलून घेता येते. पुष्कळांचा रोजा त्यामुळेच पार पडतो. ज्यांचा पडणार नाही त्यांनाही ते पहिल्या रोज्याच्या असरला नव्हे, तर शाबान लागण्याआधी कळते.